चौतीस पाडव्यांचा पाला

गोकुळदासभावजींना दात नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण ते तुम्हाला भेटले की पहिलं दातांबद्दलच बोलणार आहेत. पेस्ट म्हणजे विष, ब्रश म्हणजे फुकटचा खर्च, आणि रोज सकाळी कडुनिंबाची काडी चावणाऱ्याला दातांच्या डॉक्टरचं तोंड बघावं लागत नाही. हे सगळं ते डिचोलीच्या डॉक्टरने बसवलेल्या कवळीतून बोलतात. झोपताना ती कवळी वाटीत ठेवतात आणि त्या पाण्यातसुद्धा दोन पानं टाकतात. आता तिथे किडायचं काय राहिलंय, असं विचारायची सोय नाही. विचारलंत तर म्हणणार, "तुला काय कळतंय!"

हे त्यांचं आवडतं वाक्य. पोदेर पाव घेऊन आला की पोदेराला सांगतात, पोस्टमनला सांगतात, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीलासुद्धा सांगतात. बायकोला, म्हणजे आमच्या पद्मावतीवहिनींना, दिवसातून किती वेळा सांगतात ते मी मोजणं सोडून दिलं.

मी सुलोचना, त्यांची शेजारीण. मूळची बांद्याकडची. लग्न होऊन पार्शाच्या अलीकडच्या ह्या वाड्यावर, म्हणजे पन्नास घरांच्या वस्तीवर, आले त्याला बत्तीस वर्षं झाली. आमच्या आणि भावजींच्या अंगणामध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे आणि गडग्याला लागून ते झाड. झाड कसलं, राक्षस! आमच्या कौलांवर वर्षभर त्याचाच कचरा. नवऱ्याकडे तक्रार केली की तो म्हणायचा, "अगो, औषधी आहे ते." दत्ताराम वर्षातले नऊ महिने बोटीवर असायचा, त्याला काय, झाडायचं मला होतं.

भावजी तेव्हा डिचोलीला एका खाणीवर काट्यावर कारकून होते. मातीने भरलेला ट्रक काट्यावर आला की वजन लिहायचं, रिकामा आला की परत लिहायचं. तिकडच्या रानातून स्वतःच्या लग्नाआधी चार वर्षं त्यांनी हे रोप उपटून आणलं, डब्यात घालून, बसमध्ये मांडीवर ठेवून. वाड्यावर कुठेच कडुनिंब नव्हता. आमच्याकडे तो धरतच नाही, पावसाने मुळं कुजतात, असं जुनी माणसं म्हणायची. भावजींचं रोप मात्र चार वर्षांत कौलांच्या वर गेलं. जुनी माणसं गप्प झाली आणि भावजी बोलायला लागले, ते आजतागायत.

पुढे खाणी बंद पडल्या आणि भावजी घरी बसले. ट्रक तोलायचं थांबलं तसे ते माणसं तोलायला लागले. बलकावावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आपल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वरून खालपर्यंत बघायचे आणि सांगायचे, तुझ्या रक्तात उष्णता आहे. शेजारी मेजावर एक पत्र्याचा डबा. त्यात वहिनींनी वळलेल्या कडुनिंबाच्या हिरव्या गोळ्या. गॅसवाला असो, मत मागायला आलेला असो, की मुलगी बघायला निघालेला कोणी वाट चुकून आलेला असो, आधी गोळी, मग बोलणं. गिळताना तोंड वाकडं केलंत तर दुसरी.

तांदळाच्या पिंपात पाला, गादीखाली पाला, कपड्यांच्या पेटीत पाला. तान्ह्या पोराच्या आंघोळीच्या बाल्दीत पाला. गुरांच्या जखमेवर वाटून लावायला पाला. तिन्हीसांजेला मच्छर घालवायला अंगणात पाल्याची धुरी. त्या धुरीने मच्छर गेले की नाही ते देव जाणे, पण माझी नणंद चार दिवस राहायला आली होती, ती दुसऱ्याच दिवशी घरी पळाली. तेवढा गुण मी मान्य करते.

झाडाची तर तऱ्हाच वेगळी. थंडीत एक पान राहायचं नाही, पार बोडकं व्हायचं. भावजी म्हणायचे, "ते तप करतंय." लिंबोळ्या धरायच्या त्या सुपारीएवढ्या. "आपली मातीच तशी," असं भावजी छाती काढून सांगायचे. आम्ही कडुनिंब पाहिलेला तो पेस्टच्या डब्यावरच्या चित्रात. मान डोलवायला आमचं काय जातंय?

पाडव्याला तर अख्खा वाडा त्यांच्या अंगणात. गुढी उभी राहिली की कडुनिंबाचा पाला, गूळ, जिरं, मिरी, चिंच वाटून केलेला गोळा प्रत्येकाच्या हातावर. वाटायच्या वहिनी, पहाटेपासून, पन्नास घरांना पुरेल एवढं. हातावर ठेवायचे भावजी. "वर्षभर डॉक्टरचं तोंड बघणार नाहीस, जा." पाया लोक त्यांच्या पडायचे. वहिनी आत पाटा धुवत असायच्या.

मी त्यांची टर उडवते, उडवीनच. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे गेले तर माझीच जीभ झडेल. माझी गौरवी पाच वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या. दत्ताराम तेव्हा कुठल्या तरी बंदरात, घरात मी एकटी. भर मे महिना. भावजी रोज सकाळी गडग्यावरून ताज्या पाल्याची टोपली द्यायचे. अंथरुणावर पाला, दारावर डहाळी, पोर खाजवायला लागली की अंगावरून पाल्याची जुडी फिरवायची. आणि दुपारी, पोर जास्त किरकिर करायची तेव्हा, हा माणूस आमच्या जनेलाच्या गजांबाहेर उन्हात उभा राहून तिला ट्रकांचे नंबर म्हणून दाखवायचा. कुठला ट्रक कुठे रुतला, कुठल्या ड्रायव्हरने काट्यावर म्हैस उभी केली. पोर हसायची आणि खाजवायला विसरायची. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली. तोंडावर एक व्रण राहिला नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या गोळ्या तोंड वाकडं न करता गिळते.

आता ह्या वर्षीचं ऐका.

मोप्याला विमानतळ झाला तसे आमच्या रस्त्याने परके लोक जायला लागले. कृष्णनाथला वाटलं, आपल्या वाड्यावर त्यांनी थांबावं असं काहीतरी पाहिजे. कृष्णनाथ म्हणजे नळ-पाइपवाला दुकानदार आणि आमच्या नवचैतन्य मित्रमंडळाचा अध्यक्ष. मंडळात बारा माणसं, त्यातली अकरा त्याच्याकडे उधारीवर पाइप नेणारी. त्याने ठरवलं, भावजींच्या झाडाखाली वारसा वृक्ष म्हणून पाटी लावायची, पाडव्याच्या दिवशी, भावजींना शाल-श्रीफळ देऊन. पाटी काळ्या ग्रॅनाइटची. कोरून आणलीसुद्धा: 'कडुनिंब. वय शंभर वर्षे.' झाड चाळीस वर्षांचंही नाही. मी म्हटलं, "अरे मेल्या, लावणारा अजून सत्तरीला पोचला नाही." तर म्हणतो, "काकी, अंदाजे लिहिलंय."

भावजी आठवडाभर जमिनीला पाय लावत नव्हते. पेडण्याला जाऊन नवा पांढरा सदरा शिवून आले. भाषणाचा कागद लिहिला, बलकावावर उभं राहून मोठ्याने म्हणून बघितला. मला पाठ झाला.

पाटी कोरून झाल्यावर कृष्णनाथला आठवण झाली की झाडाचं शास्त्रीय नावही पाहिजे. भावजींची भाची श्रद्धा म्हापशाच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला बोलावलं. पाडव्याला सात दिवस होते. मी गडग्याच्या ह्या बाजूला कौलांवरून पडलेला कचरा काढत होते. कान काही मी झाकून घेतले नव्हते.

श्रद्धाने फांदी वाकवली, एक पान तोडलं आणि त्याचा दांडा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "मामा, हा कडुनिंब नाही."

"तुला काय कळतंय!"

"मामा, कॉलेजात हेच शिकवते मी. कडुनिंबाच्या पानाचा दांडा एकच. त्याला दोन्ही बाजूंनी पानं, संपलं. ह्याचं बघा. दांड्याला फाटे, फाट्यांना परत फाटे. हा लिंबारा. आपल्या रानात भरपूर असतो, भराभर वाढतो. प्लायवूडसाठी लावतात."

"आणि लिंबोळ्या?"

"सुपारीएवढी लिंबोळी कुठे असते? बोटाच्या पेरापेक्षा लहान असते ती."

भावजींनी मातीचं कारण सांगितलं नाही. एकदम हळू आवाजात विचारलं, "खाल्लं तर?"

"छे, पोटात नाही द्यायचं. ह्याच्या कुळीतल्या काही झाडांची फळं विषारी असतात. तुम्ही कोणाला खायला देत नाही ना?"

भावजी वळून बलकावावर गेले आणि गोळ्यांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

पुढचे सात दिवस मी त्यांना बघत होते. गोळ्यांचा डबा मेजावरून गेला. पोस्टमन आपणहून गोळी मागायला लागला तर म्हणाले, "संपल्या." मोबाइलवर कडुनिंबाचा फोटो उघडून झाडाखाली उभे राहायचे, एकदा फोनकडे बघायचे, एकदा वर. एके दिवशी गडग्याशी आले आणि मला विचारतात, "सुलोचना, गौरवी बरी आहे ना? पोट वगैरे दुखत नाही ना तिचं?"

गौरवी मोप्याला विमानतळावर नोकरी करते. मी म्हटलं, "पोट ठणठणीत आहे, भावजी. लग्न जमत नाही. त्यावर काही पाला आहे का?"

ते हसले नाहीत. तेव्हा मला त्या माणसाची पहिल्यांदा काळजी वाटली. पाटी, शाल, सदरा, काही त्यांच्या डोक्यात राहिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. चौतीस पाडवे आपण अख्ख्या वाड्याला आपल्या हाताने विष चारलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कोणाच्या सासूचा लिव्हर बिघडला, कोणाच्या सुनेचा गर्भ दोनदा पडला, सगळं ते आठवून मोजत होते. वहिनींना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगण्याची सवयच नाही.

आणि गप्प बसणं किती सोपं होतं! श्रद्धाने सांगायचं ते मामावरच सोडलं होतं; दम दिला असता तर ती गप्पच बसली असती. मी तर बसलेच होते. मला रोज वाटायचं, हे आता कृष्णनाथकडे जाऊन सांगतील. ते जायचे नाहीत. मला वाटलं, झालं, शालीचा मोह सुटत नाही म्हाताऱ्याला.

पाडवा उजाडला. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माइक, ग्रॅनाइटवर लाल कापड. सगळा वाडा जमला. कृष्णनाथ वीस मिनिटं बोलला, त्यातली पंधरा स्वतःबद्दल. मग भावजींच्या खांद्यावर शाल घातली. भावजी माइकसमोर उभे राहिले. खिशातून कागद काढला नाही.

"हा कडुनिंब नाही," म्हणाले. "लिंबारा आहे. मी चुकीचं झाड आणलं. तुम्ही आजपर्यंत जे खाल्लं, ते खायचं नव्हतं. आज कोणी गोळा खाऊ नका. मला क्षमा करा."

आणि मग, तुम्हाला खरं वाटणार नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णनाथने माइक ओढून घेतला. "बघा, किती हा विनय! मोठी माणसं अशीच असतात." भावजींनी परत माइक धरला. "विनय नाही रे, गाढवा! खरं सांगतोय." तेव्हा लोक बिथरले. मागून एकीने विचारलं, मग माझ्या सासूची खाज कशी गेली? दुसरा म्हणाला, माझी साखर उतरली ती काय उगाच? तिसऱ्याने पुढच्या खुर्चीतल्या श्रद्धालाच झापलं, चार बुकं शिकलीस म्हणून आमच्या झाडाला नावं ठेवतेस? भावजी एकटे सगळ्या वाड्याशी भांडत होते की माझं झाड खोटं आहे, आणि सगळा वाडा त्यांना पटवत होता की खरं आहे. चौतीस वर्षं ह्या माणसाचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता. आज पहिल्यांदा बरोबर बोलला तर ऐकायला कोणी नाही!

कृष्णनाथ त्यांच्या कानाशी म्हणाला, "काका, आता काय करता येत नाही. ग्रॅनाइट आहे. पुसता येत नाही."

भावजी मटकन खुर्चीत बसले. शाल खाली पडली. म्हणाले, "अरे, मी विष घातलंय तुम्हाला." आणि कवळी हातात काढून घेऊन रडायला लागले. त्या बोळक्या तोंडाचं रडणं बघून अंगण गप्प झालं. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

तेवढ्यात आतून वहिनी आल्या. हातात गोळ्यांचं ताट. चारचौघांत ह्या बाईचा आवाज मी बत्तीस वर्षांत ऐकला नव्हता. ताट मेजावर ठेवलं, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "कोणी विष खाल्लेलं नाही. हा पाला निपाणीचा आहे."

निपाणी वहिनींचं माहेर. त्यांचा भाऊ अनंत दर वर्षी चैत्राच्या आधी बसमधून एक पोतं पाठवतो. त्यात तूरडाळ असते, असं आम्ही समजत होतो. भावजीही तेच समजत होते.

"आमच्याकडे दारोदार कडुनिंब," वहिनी म्हणाल्या. "मी काय ओळखणार नाही? लग्न होऊन महिना झाला होता, पहिला पाडवा आला. ह्यांनी पाला आणून दिला तेव्हाच कळलं. त्या वर्षी माझ्या पेटीत माहेरचा वाळका पाला होता तो वाटला, मग भावाला कळवलं. तेव्हापासून गोळे, गोळ्या, काढा, पोटात जाणारं सगळं तिकडच्या पाल्याचं. झाडाचा पाला आंघोळीला, धुरीला, पिंपात. दातांना काडी झाडाची. थुंकलं ते झाडाचं, गिळलं ते निपाणीचं."

दोन पाल्यांमधला फरक त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या कुठल्याही माणसाला दिसला असता. चौतीस वर्षांत भावजींनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आणि मी? मी गडग्याला गडगा लावून राहणारी, तोंडाने जगाची टर उडवणारी, मी तरी त्या बाईला कधी विचारलं होतं, की वहिनी, हे तुम्ही कसं करता? पन्नास घरांचं वाटण बघून मी एवढंच म्हणत आले, बिचारी!

भावजींनी कवळी परत बसवली. म्हणाले, "मग मला सांगितलं का नाहीस गो?"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "पहिल्याच पाडव्याला. म्हटलं, अहो, हा कडुनिंब वाटत नाही. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय, तू आपली वाटायला बस. मी वाटायला बसले."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मग त्यांनीच ताट उचललं आणि एकेकाच्या हातावर गोळा ठेवायला सुरुवात केली. लोक मुकाट्याने घेत होते. माझ्या हातावर ठेवला तेव्हा मी वाकून पाया पडले. त्या दचकून मागे सरल्या, सवय नाही ना. शेवटचा गोळा भावजींचा. त्यांनी खाल्ला, आणि तोंड वाकडं केलं. चांगलं पाच मिनिटं वाकडं होतं.

पाटी आहे तिथेच आहे. कापड कृष्णनाथने दुसऱ्या दिवशी गुपचूप काढलं. विमानतळाकडे जाणारे लोक गाडी थांबवतात, शंभर वर्षांच्या कडुनिंबाखाली फोटो काढतात आणि लिंबाऱ्याची पानं खिशात घालून नेतात. भावजी धावत जाऊन त्यांना सांगतात, खाऊ नका. ते पाटीकडे बोट दाखवतात.

पाडव्यानंतर पाच-सहा दिवसांनी मी गडग्याशी उभी होते. भावजी बलकावाच्या पायरीवर बसून निपाणीच्या वाळलेल्या डहाळ्यांचे देठ काढत होते. चष्मा नाकावर, सुपात अर्धे देठ, अर्धी पानं. वहिनी वर त्यांच्या खुर्चीत बसलेल्या. सांगत होत्या, "देठ राहिलाय. तो बघा. दिसत नाही का?" ते निमूटपणे निवडत होते.

खालच्या वाड्यावरची संजना कडेवर तान्हं घेऊन आली. अजून ती खुर्चीतल्या वहिनींना सोडून पायरीवरच्या भावजींकडेच बघत उभी राहिली, जशी आम्हा सगळ्यांची सवय. म्हणाली, "काका, बाळाच्या आंघोळीला पाला पाहिजे होता. ह्या झाडाचा चालेल ना?"

भावजींनी वर झाडाकडे बघितलं. मग सुपातलं एक पान उचलून देठ काढला.

"काकीला विचार," म्हणाले. "मला काय कळतंय?"